महासंगणकाचा ताप आणि पवनेचे पाणी

रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेले पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. तेथून जवळच, पाषाण येथील आयसर संस्थेत पाणी निराळीच कामगिरी बजावते. राष्ट्रीय महासंगणक अभियानाअंतर्गत २०१९ मध्ये उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा सी-डॅकचा महासंगणक पाण्याने थंड ठेवला जातो.

संगणक घेतो ती जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता हटविण्यासाठी पूर्वापार पंखे व वातानुकूलन यंत्रे राबतात. मात्र तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. म्हणून चिपांवर धातूच्या पोकळ पट्ट्या बसवून त्यांतून पाणी खेळविले जाते. पाण्याचा चिपेला स्पर्श होत नाही.

याचा हिशेब व्यापाऱ्यास सहज उमगेल. केंद्राच्या एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागावे. उत्तर १.८ आले, तर रुपयाच्या गणनकामामागे ८० पैसे वरखर्च, १.१ आले, तर केवळ १० पैसे.

तथापि वहीचे दुसरे पानही पाहावे. बंद नळ्यांतील पाणी पुनःपुन्हा फिरते. पण ते निववण्यासाठी बाष्पीभवनाचे मनोरे वापरले, तर नवे पाणी सतत खर्ची पडते. कोमट पाण्यावर चालणारी व्यवस्था बाहेरच्या हवेनेही निवते. चाकणच्या पट्ट्यात अशा केंद्रासाठी जागा वा भांडवल देणाऱ्याने दोन्ही आकडे मागावेत. विजेच्या खात्यातील जमा पवनेच्या नावे पडू नये.