राउंड व्हॅली: डोंगरांच्या कड्यातला जलाशय

राउंड व्हॅली हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचा सर्वांत मोठा जलाशय. कुशेटंक डोंगराची रांग इथे घोड्याच्या नालेसारखी वळली आहे. जिथे डोंगराची आडकाठी नव्हती, तिथे १९६०च्या सुमारास धरणे बांधून ही दरी पाण्याने भरली. तिच्यातली शेते पाण्याखाली गेली. साठवण सुमारे ७.३५ टीएमसी, म्हणजे पानशेत धरणापेक्षा कमी; खोली मात्र काही ठिकाणी ५५ मीटर. मोठी नदी या दरीत येत नाही, त्यामुळे रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेचे पाणी पंपांनी उचलून इथे साठवतात आणि टंचाईत ते मध्य न्यू जर्सीसाठी सोडतात. पिण्याच्या पाण्याची सोय हे या जलाशयाचे पहिले काम. सहल आणि मासेमारी त्यानंतर.

पाणी खोल आणि थंड असल्याने थंड पाण्यातला ट्राउट इथे जगतो. २००२ मध्ये इथे गळाला लागलेला लेक ट्राउट १४ किलोंहून अधिक वजनाचा होता. तो राज्याचा विक्रम ठरला. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि ट्राउट खाली तळाकडे जातो; तेव्हा होडीतून खोलवर गळ सोडावा लागतो. काठावरून गळ टाकणाऱ्याने वसंत किंवा शरद ऋतू निवडावा. वयाची सोळा वर्षे झालेल्यांना मासेमारीचा परवाना लागतो, ट्राउटसाठी वेगळा ‘ट्राउट स्टॅम्प’ही.

मुक्कामाच्या जागा जलाशयाच्या पलीकडे, रानात आहेत आणि हेच जलाशयाभोवतीच्या उद्यानाचे खरे वैशिष्ट्य. तिथे मोटार जात नाही. तंबू, शिधा, अंथरूण पाठीवर घेऊन पाच ते दहा किलोमीटर चालायचे, नाहीतर होडीने जायचे. परिसरात काळी अस्वले असल्याने अन्न तंबूत ठेवू नये. मद्याला बंदी आहे, आणि आपला कचरा आपणच परत न्यायचा असतो.

होडीने जाणाऱ्यांनी वाऱ्याचा अंदाज आधी घ्यावा. वारा अचानक उठतो, लाटा उंचावतात आणि थंड पाण्यात पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर आखडतात. १९७०च्या दशकापासून इथे वीसहून अधिक माणसे बुडाली; काहींचे मृतदेह सापडलेच नाहीत. पोहता येत असले तरी होडीत बसण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगावर चढवावे, आणि वारा वाढलेला दिसला तर त्या दिवशी पायवाटच धरावी.