जुन्या गाडीच्या इंजिनाला लगाम घालणारा छोटासा रोटर

जुनी लोटस एलान जोरात पळवली की मिनिटाला ६,५०० फेऱ्यांच्या आसपास इंजिन अचानक मिसिंग करायला लागतं. नवख्या माणसाला वाटतं, कार्ब्युरेटर बिघडला! पण बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखालचा छोटासा रोटर फक्त आपलं काम करत असतो.

एलान ही ब्रिटनच्या लोटस कंपनीची १९६२ साली आलेली स्पोर्ट्स कार. तेव्हा इंजिन सांभाळायला कॉम्प्युटर नव्हता. मग वेगाला आवर घालायचा कसा?

साधा रोटर कॉइलकडून आलेला करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला देतो. लिमिटर असलेल्या रोटरमध्ये शिवाय एक छोटं वजन आणि स्प्रिंग असते. रोटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ६,५०० ला ३,२५० फेऱ्या फिरतो. ठरलेला वेग गाठला की वजन स्प्रिंगला न जुमानता बाहेर सरकतं आणि करंट प्लगऐवजी शाफ्टमधून अर्थ होतो. ठिणगी बंद पडते, वेग उतरतो, स्प्रिंग वजनाला मागे ओढते आणि ठिणगी पुन्हा सुरू होते.

एवढा खटाटोप कशासाठी? वेग १० टक्के वाढला तर कनेक्टिंग रॉडवरचा ताण साधारण २१ टक्के वाढतो. व्हॉल्व्ह वेळेत बंद झाले नाहीत, तर पिस्टन त्यांच्यावर आदळू शकतो.

म्हणूनच रोटर बदलताना स्वस्तातला साधा रोटर बसवला, तर गाडी चालते, पण हे संरक्षण जातं. उलट जुन्या रोटरची स्प्रिंग ढिली झाली असेल, तर ठिणगी आधीच तुटते.

नवा रोटर डिस्ट्रिब्युटरच्या मॉडेलला आणि इंजिनाच्या वेगमर्यादेला जुळणाराच घ्यावा लागतो. इग्निशन बंद करून कॅप काढायची, जुना रोटर सरळ वर ओढायचा आणि नवा शाफ्टच्या खाचेत बरोबर बसवून पूर्ण खाली दाबायचा. तो कॅपला आतून घासत नाही ना, हेही तपासायचं.

एक गोष्ट मात्र हा रोटर करू शकत नाही. भरधाव गाडीत चुकून खालचा गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे ठिणगी तोडून उपयोग नसतो.