शाळेच्या परसबागेत दोडका : आधी मांडव, मग वेल



आपल्या सालेकसा तालुक्यात धानाची जमीन, धो-धो पाऊस. अशा जागी दोडक्याचा वेल जमिनीवर पसरू दिला तर पानं चिखलात कुजतात, फळं सडतात आणि मुलांच्या ताटात काहीच येत नाही. म्हणून वेलवर्गीय भाजीत खरं काम आधाराचं.

कधी लावायचं? विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याच आठवड्यात बी टोका. ५०-६० दिवसांत, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, पहिला तोडा पोषण आहाराच्या भाजीत जाईल.

लागवड
१. पाणी साचू नये म्हणून वीतभर उंच आळं करा. त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा.
२. बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर लावा. प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया टाका, पुढे जोमदार एकच रोप ठेवा.
३. दोन आळ्यांत तीन-चार फूट अंतर सोडा.
४. कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे येतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हाच वेचा.

मांडव बी टोकायच्या दिवशीच बांबू गाडा. नंतर गाडले तर मुळं तुटतात. दीड फूट जमिनीत आणि पाच फूट वर, म्हणजे मोठ्या वर्गातल्या मुलांचा हात पोचेल. वर आडव्या कमच्या सुतळीने बांधा. वेल खांबाला घट्ट आवळू नका, सैल फास द्या, कारण खोड जाड होत जातं. वेल मांडवावर चढेपर्यंत खालचे बगलफुटवे काढा.

वर्गात काय शिकवाल? वेलाला डोळे नाहीत, मग त्याला बांबू सापडतो कसा? स्प्रिंगसारखा तो धागा, म्हणजे प्रतान, मुलांना रोज बघू द्या. स्पर्श झालेल्या बाजूची वाढ कमी आणि उलट बाजूची जास्त होते, म्हणून तो आधाराभोवती गुंडाळतो. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये वेलींच्या याच हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला होता.

फुलंही मोजायला लावा. एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका दिसतो. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात, तेव्हा "फूल गळलं" म्हणून घाबरू नका.

पालकांसाठी : दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा शाळा सुटलेली असते. म्हणून एक वेल घरच्या वाडीतही लावा आणि लेकरांना सोबत घेऊन बघा. दोडके कोवळे असतानाच तोडा. भाजीआधी प्रत्येक दोडक्याची चकती चाखा. कडू लागला तर तो टाकून द्या, शिजवूनही तो कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं.

बांबू आपल्याकडे आहेच. मुलांकडूनच मोजमाप करून घ्या, गणिताचा तासही त्यातच होईल.