दिवाळीतील मातीचा किल्ला

दिवाळीतील मातीचा किल्ला म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी अंगणात, परसात किंवा गल्लीच्या कोपऱ्यात माती, दगड, विटा व गोणपाट यांपासून उभारलेली किल्ल्याची छोटी रचना होय. ही प्रथा महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत आणि बेळगावसारख्या मराठीभाषक सीमाभागात आढळते. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती विशेष रुजलेली आहे. किल्ला बांधण्यासाठी धार्मिक विधी, मुहूर्त किंवा पुरोहित लागत नाही. दिवाळीच्या इतर प्रथांची सूत्रे घरातील मोठ्यांकडे असतात. किल्ल्याची आखणी, सामानाची जमवाजमव आणि बांधकाम मात्र मुलेच करतात. त्यामुळे हा सणाचा भाग असूनही मूलतः एक खेळ व हस्तोद्योग आहे.

काळ आणि जागा

सहामाही परीक्षा संपली की किल्ल्याची तयारी सुरू होते. वसुबारसेपर्यंत माती व दगड गोळा झालेले असतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटेपर्यंत किल्ला पूर्ण करण्याकडे मुलांचा कल असतो. भाऊबीजेनंतरही तो काही दिवस राखला जातो. अनेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत तो उभा असतो. जागा निवडताना भिंतीचा आधार, पाण्याची सोय आणि जाण्या-येण्याच्या वाटेपासूनचे अंतर यांचा विचार केला जातो. भिंतीलगत बांधलेल्या किल्ल्याला मागची बाजू उभारावी लागत नाही, त्यामुळे माती व श्रम दोन्ही वाचतात.

प्रादेशिक पार्श्वभूमी

सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. १६७३ मध्ये हा किल्ला शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने त्यास वेढा घातला, तेव्हा प्रयागजी प्रभू हे किल्लेदार होते. सुरुंगाच्या स्फोटात तटाचा भाग कोसळूनही किल्ला १७०० च्या एप्रिलपर्यंत लढत राहिला. पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. सज्जनगड, प्रतापगड, वासोटा, कल्याणगड, वर्धनगड, चंदन-वंदन, पांडवगड, वैराटगड, वसंतगड, सदाशिवगड आणि दातेगड हे या जिल्ह्यातील आणखी काही किल्ले होत. त्यामुळे येथील मुलाला नमुना शोधण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. घराच्या दारातून तो दिसतो.

सांगली जिल्ह्याची भूरचना निराळी आहे. पश्चिमेकडील शिराळा तालुका डोंगराळ असला, तरी कृष्णाकाठचा मोठा भाग सपाट आहे. वाळवा तालुक्यातील मच्छिंद्रगड व खानापूर तालुक्यातील भूपाळगड हे गिरिदुर्ग आहेत. भूपाळगडावर १६७९ मध्ये दिलेरखानाने हल्ला केला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होते. याउलट सांगली शहरातील गणेशदुर्ग आणि मिरजेचा किल्ला हे भुईकोट आहेत. असे असूनही सांगलीच्या अंगणांत बहुधा डोंगरी किल्लाच बांधला जातो, कारण मुलांच्या कल्पनेतील किल्ला हा शिवकालीन गिरिदुर्ग असतो. भुईकोट बांधायचा झाल्यास उंचीऐवजी खंदक, बुलंद दरवाजा आणि तटाची भक्कम चौकट यांवर भर द्यावा लागतो.

बांधणीचे तंत्र

कोरडी, सैल माती साधारणपणे ३० ते ३५ अंशांपेक्षा उभा उतार धरत नाही. त्यामुळे केवळ मातीचा ढीग रचून कडा तयार होत नाही. तो पसरट टेकाड बनतो. यावर उपाय म्हणून आत गाभा रचला जातो. मोठे दगड, फुटक्या विटा, कौलांचे तुकडे, जुनी घमेली व पत्र्याचे डबे एकमेकांवर बसवून डोंगराचा सांगाडा तयार होतो. त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात. सुतळीच्या विणीत चिखल धरून राहतो आणि गोणपाटाला पडणाऱ्या चुण्यांमुळे डोंगराच्या घळी, सोंडा व कडे आपोआप आकारास येतात. वरून मातीचा हात फिरवला की आतील डबे व विटा दिसेनाशा होतात.

मातीचा प्रकार येथे महत्त्वाचा ठरतो. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना चिकट असते व हवा तसा आकार घेते. परंतु वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. तांबडी माती किंवा मुरूम कमी आकसतो, मात्र तितका चिकटून राहत नाही. म्हणून काळ्या मातीत बारीक वाळू, भुसा किंवा चिरलेला पेंढा मिसळतात. पेंढ्याचे तंतू मातीचे कण एकत्र धरून ठेवतात. धाब्याच्या घरांच्या भिंतींसाठी हेच तंत्र वापरले जात असे.

डोंगर हिरवा दिसावा म्हणून त्यावर धान्य पेरले जाते. मोहरी, नाचणी व गहू वापरले जात असले, तरी उतारासाठी हळीव अधिक सोयीचा ठरतो. हळिवाचे बी भिजताच त्याभोवती चिकट बुळबुळीत आवरण तयार होते आणि ते उभ्या कड्यालाही चिकटून बसते. मोहरीचे गोल दाणे मात्र घरंगळून पायथ्याशी जमा होतात. साधारण ३ ते ५ दिवसांत कोंब वर येतात, त्यामुळे पेरणीचा दिवस सणाच्या तारखेवरून उलट मोजून ठरवावा लागतो. पाणी तांब्याने ओतल्यास उतारावर ओघळ पडून माती वाहून जाते. म्हणून ते हाताने शिंपडतात.

दुर्गरचनेचे घटक

मुलांच्या किल्ल्यात खऱ्या गिरिदुर्गाचे मुख्य घटक आढळतात. सर्वांत उंच व सुरक्षित भाग म्हणजे बालेकिल्ला. त्याखालील डोंगराची सपाट, पुढे आलेली जागा म्हणजे माची. माचीभोवती तट व ठरावीक अंतरावर बुरूज असतात. गाभाऱ्यासारखे सिंहासनाचे ठिकाण, सदर, अंबारखाना, दारूचे कोठार, पाण्याची टाकी आणि देवीचे मंदिर हे इतर भाग होत. पायथ्याशी गाव, शेत, विहीर व बाजारपेठ मांडतात.

यातील सर्वांत कठीण भाग दरवाजाचा असतो. आज्ञापत्र या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील राजनीतिपर ग्रंथात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे दिले जाते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, किल्ल्याला एकच दरवाजा ठेवू नये, चोरदिंड्या असाव्यात आणि येण्याचा मार्ग सोपा नसावा, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. मराठा दुर्गांतील गोमुखी दरवाजाची रचना याच विचारातून आलेली आहे. यात दोन बुरुजांच्या आड दरवाजा लपवलेला असतो आणि वाट वळसा घेऊन आत जाते. त्यामुळे समोरून तोफ डागता येत नाही व हत्तीला दरवाजावर धडक देण्यासाठी धाव घेता येत नाही.

पहिल्यांदा किल्ला बांधणारे मूल पायथ्यापासून दरवाजापर्यंत सरळ पायऱ्या करते. एखादा थोरला भाऊ किंवा शेजारची ताई ‘या वाटेने शत्रूही सरळ वर येईल’ असे म्हणते, तेव्हा वाट मोडून पुन्हा वळणाची केली जाते. तटाला तोंड कोठे द्यायचे, टाके कोठे खणायचे, टेहळणीचा बुरूज कोणत्या टोकाला हवा, हे प्रश्न बांधताना क्रमाने पुढे येतात. दुर्गरचनेची कारणे अशा रीतीने पाठांतराऐवजी अडचणीतून समजतात. हे या छंदाचे प्रमुख शैक्षणिक मूल्य मानता येईल.

कारंजे व दिवे

किल्ल्यातील कारंजे हा मुलांच्या खटपटीचा खास विषय आहे. त्यासाठी औषधांच्या दुकानातून आणलेली सलाइनची नवी नळी वापरतात. पाण्याची बाटली किल्ल्यामागे खिडकीच्या गजाला उंचावर टांगली जाते, नळी मातीखालून नेली जाते आणि तिच्या टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवला जातो. बाटलीतील पाण्याची पातळी व नळीचे तोंड यांच्या उंचीतील फरकामुळे पाणी उसळते. नळीतील घर्षणामुळे ते बाटलीच्या पातळीपर्यंत कधीच पोचत नाही. कारंजे उंच हवे असेल तर बाटली वर चढवावी लागते आणि ते जास्त वेळ चालावे असे वाटत असेल तर नळीवरील चाकाने प्रवाह कमी करावा लागतो. पडलेले पाणी तळ्यात साठवून पुन्हा बाटलीत भरतात. तळ्याच्या तळाशी प्लॅस्टिकचा कागद घातला नाही, तर पाणी मातीत जिरते व वरील कडा खचतो.

प्रकाशासाठी पूर्वी पणत्या व बॅटरीचे छोटे दिवे वापरले जात. आता एलईडी दिवे वापरतात. एलईडी उलटा जोडल्यास लागत नाही, हा विद्युतशास्त्राचा पहिला धडा अनेक मुलांना किल्ल्यावरच मिळतो.

चित्रे

किल्ल्यावर मांडायच्या मूर्तींना पश्चिम महाराष्ट्रात ‘चित्रे’ असेही म्हणतात. सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, मावळे, घोडेस्वार, तोफा, हत्ती, शेतकरी व गवळण ही नेहमीची चित्रे होत. पूर्वी ती कुंभार मातीपासून करीत. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती प्रचारात आल्या. चित्रांच्या मांडणीत प्रमाणाचे भान क्वचितच राखले जाते. ५ सेंटिमीटर उंचीचा मावळा हे प्रमाण धरल्यास ३०० मीटर उंचीचा डोंगर सुमारे ९ मीटर उंच बांधावा लागेल. म्हणून महाराज सर्वांत मोठे, मावळे त्याहून लहान आणि तट मावळ्याच्या कमरेइतका, अशी मांडणी रूढ झाली आहे. वाघाशेजारी खेळण्यातली मोटार किंवा बुरुजावर क्रिकेटपटूही दिसतो. हा दोष न मानता खेळाचा स्वभाव मानला जातो.

संगणकीय खेळांशी तुलना

एकविसाव्या शतकात रचनेचा हाच आनंद देणारे संगणकीय खेळ मुलांपर्यंत पोचले. १९९७ मध्ये आलेल्या एज ऑफ एम्पायर्स या खेळात लाकूड, दगड, अन्न व सोने जमवून वस्ती, तट आणि मनोरे उभारावे लागतात. मोजांग या स्वीडिश संस्थेचा माइनक्राफ्ट हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात घनाकृती ठोकळ्यांपासून हवी ती वास्तू रचता येते. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक कार्यक्रमाने सार्वजनिक जागांच्या आराखड्यात रहिवाशांना सहभागी करण्यासाठीही त्याचा उपयोग केला आहे.

मातीचा किल्ला आणि असे खेळ यांत साम्य बरेच आहे. दोन्हींत सामान जमवणे, आखणी करणे, चुकणे व पुन्हा रचणे हा क्रम असतो, आणि दोन्हींत रचणारा व खेळणारा एकच असतो. फरक साधनाच्या स्वभावात आहे. माइनक्राफ्टमध्ये वाळू व खडी यांसारखे थोडे अपवाद वगळता ठोकळे आधाराविना हवेत राहतात. मातीचा बुरूज आधार काढताच पडतो. पडद्यावरचा अजिंक्यतारा पूर्ण आकारात उभारता येतो व वर्षानुवर्षे जतन करता येतो. अंगणातला किल्ला एका अवकाळी सरीने वाहून जातो. दुसरीकडे, अंगण नसलेल्या सदनिकेतील मुलाला रचनेचा अनुभव पडद्यावरच मिळू शकतो. त्यामुळे हे दोन छंद परस्परांचे शत्रू ठरत नाहीत. वळणाची वाट व लपलेला दरवाजा यांचे कारण ज्याने मातीत शोधले आहे, त्याला ते पडद्यावरही उपयोगी पडते.

बदलते स्वरूप

या प्रथेपुढील मुख्य प्रश्न संगणकीय खेळांचा नसून तयार किल्ल्यांचा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे रंगवलेले किल्ले बाजारात मिळतात. कमी जागा, मातीची टंचाई आणि पालकांना नसलेला वेळ यांमुळे त्यांना मागणी असते. तयार किल्ला दिसायला सुबक असतो. परंतु दरवाजा कोठे ठेवायचा हा निर्णय त्यात आधीच कोणीतरी घेतलेला असतो. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नसल्याने त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्नही उरतो.

प्रथा टिकवण्यासाठी अनेक ठिकाणी मंडळे व दुर्गप्रेमी संस्था किल्ला स्पर्धा भरवतात. त्यांत विशिष्ट किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृती व काल्पनिक किल्ला असे दोन विभाग असू शकतात. प्रतिकृतीसाठी नकाशा पाहणे व प्रत्यक्ष गडावर जाणे आवश्यक ठरते. मात्र बक्षिसाच्या चुरशीत मोठ्यांचा हात वाढला, तर मुले प्रेक्षक होण्याचा धोका असतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे. त्यामुळे मूळ किल्ला आणि त्याची अंगणातील प्रतिकृती या दोहोंकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे.

मोडणी

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला जातो. चित्रे कागदात गुंडाळून पेटीत ठेवतात, दगड व विटा परसात रचतात, गोणपाट वाळवून घडी करतात आणि माती कुंड्यांत किंवा शेतात परत जाते. पुढील वर्षी हेच सामान पुन्हा वापरले जाते. किल्ला मात्र दर वर्षी नव्याने आखला जातो.