आघाडीची गोष्ट – भाग ७ : पाठिंबा देणाऱ्याला काय हवं होतं?

मागच्या भागात आपण १९८९ पाशी थांबलो होतो. १९७ जागा मिळवूनही राजीव गांधींनी सरकार स्थापनेचा दावा केला नाही. एका बाजूला भाजप, दुसऱ्या बाजूला डावे, अशा दोन टेकूंवर विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले आणि अकरा महिन्यांत गेले. त्यातून कोण काय शिकलं, याचा कस १९९६ च्या मे महिन्यात लागला.

निकाल असा होता: भाजप १६१, काँग्रेस १४०, जनता दल ४६, मार्क्सवादी ३२, मूपनारांची तमिळ मानिला काँग्रेस २०, द्रमुक आणि समाजवादी पक्ष प्रत्येकी १७, तेलुगू देसम १६. बहुमताला २७२ हवे होते. महाराष्ट्राने युतीला भरभरून दिलं होतं. भाजपचे १८ आणि शिवसेनेचे १५ मिळून ४८ पैकी ३३ खासदार युतीचे. तरीही सेना, समता पक्ष, हरियाणा विकास पक्ष, अकाली दल असे सगळे मित्र मोजले तरी भाजपची बेरीज दोनशेपर्यंत जात नव्हती.

राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता म्हणून अटलबिहारी वाजपेयींना बोलावलं. १६ मे रोजी शपथविधी झाला, बहुमत सिद्ध करायला ३१ मेपर्यंतची मुदत मिळाली. त्रिशंकू लोकसभेत कोणाला आधी बोलवायचं, याबद्दल राज्यघटना गप्प आहे. कलम ७५ एवढंच सांगतं की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. त्यामुळे शर्मांचा निर्णय घटनाबाह्य नव्हता. पण बहुमत कुठून येणार, हे आधी विचारून घ्यायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं. इतर मोठ्या पक्षांनी भाजपला साथ न देण्याची भूमिका उघडपणे घेतली होती. बेरीज जमणार नाही हे शपथविधीच्या दिवशीच दिसत होतं. २८ मे रोजी, ठराव मताला टाकण्याआधीच, वाजपेयींनी राजीनामा जाहीर केला. ती चर्चा दूरदर्शनवरून थेट दिसली आणि घराघरांत ऐकली गेली. त्यामुळे त्या तेरा दिवसांची आठवण भाषणांचीच उरली.

आपल्याकडच्या वाचकांनी मात्र आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. याच अल्पायुषी मंत्रिमंडळाने अखेरच्या टप्प्यात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. लोकसभेचा विश्वास अजून मिळवायचा असलेल्या सरकारने गुहागरच्या किनाऱ्यावरचा एवढा मोठा आर्थिक भार देशाच्या तिजोरीच्या हमीवर घ्यावा का? माझ्या मते, नाही. निकाल आणि विश्वासमत यांच्या मधल्या दिवसांत सरकारने काय करू नये, याचे लेखी संकेत आपण अजूनही नीट बांधलेले नाहीत.

आता खऱ्या घडामोडीकडे येऊ. काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या संयुक्त आघाडीत तेरा पक्ष होते. गोव्याच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा एकुलता एक खासदारही त्यात होता, आणि ते रमाकांत खलप पुढे कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. पंतप्रधानपदासाठी आधी विश्वनाथ प्रताप सिंहांचं नाव आलं, त्यांनी नकार दिला. मग मार्क्सवादी पक्षाचे ज्योती बसू. बसू आणि सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजीत यांना ते हवं होतं. पक्षाच्या केंद्रीय समितीतल्या बहुमताला नको होतं. ज्या सरकारमध्ये आपला कार्यक्रम राबवता येण्याइतकं बळ नाही त्याचं नेतृत्व करू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे बसूंनी याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं आणि गेली कित्येक वर्षं चर्चा तिथेच अडकून पडली आहे. बसू असते तर सरकार टिकलं असतं, असं अनेक जण मानतात. मला ते पटत नाही, कारण आघाडीचे स्वतःचे खासदार दोनशेच्या आत होते. पंतप्रधान कोणीही असता तरी तो काँग्रेसच्या १४० खासदारांच्या मर्जीवरच बसला असता.

१ जून रोजी एच. डी. देवेगौडा यांनी शपथ घेतली. कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडून आलेले गौडा तेव्हा संसदेच्या कोणत्याच सभागृहात नव्हते. किमान समान कार्यक्रम तयार झाला, सुकाणू समिती बसली, चंद्राबाबू नायडू निमंत्रक झाले. भाकपचे इंद्रजित गुप्त देशाचे पहिले कम्युनिस्ट गृहमंत्री झाले. डिसेंबरमध्ये बांगलादेशाशी गंगेच्या पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार झाला. चिदंबरम यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये आयकराचे दर १०, २० आणि ३० टक्क्यांवर आणले. हे सरकार काम करत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

ते पडलं ते कामामुळे नव्हेच. सप्टेंबर १९९६ मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद नरसिंह रावांकडून सीताराम केसरींकडे गेलं. ३० मार्च १९९७ रोजी केसरींनी पाठिंबा काढला. तेव्हा अर्थसंकल्प मंजूरही व्हायचा होता. ११ एप्रिलला गौडांच्या बाजूने १५८, विरोधात २९२ मतं पडली. नेता बदला, मग पाठिंबा देतो, असा सौदा झाला आणि इंद्रकुमार गुजराल आले. नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाचा अंतरिम अहवाल फुटला. द्रमुकच्या मंत्र्यांना काढा, अशी मागणी काँग्रेसने केली, गुजराल यांनी ती नाकारली आणि पुन्हा पाठिंबा गेला.

दोन सरकारं पाडून काँग्रेसने काय कमावलं? १९९८ च्या निवडणुकीत १४० चे १४१ झाले. महाराष्ट्रात तर पक्ष १५ वरून ३३ वर गेला होता. पण उत्तर प्रदेशात ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही. ज्यांनी सरकार चालवलं त्यांची स्थिती आणखी वाईट झाली. जनता दल ४६ वरून ६ वर आला, तमिळ मानिला काँग्रेस २० वरून ३ वर. भाजप १८२ वर पोहोचला.

म्हणजे बाहेरचा पाठिंबा नेहमी घातकच ठरतो का? तसंही नाही. १९९९ नंतर तेलुगू देसमच्या २९ खासदारांनी वाजपेयी सरकारला बाहेरूनच साथ दिली आणि ते शेवटपर्यंत चाललं. २००४ मध्ये सुमारे साठ डाव्या खासदारांच्या पाठिंब्यावर मनमोहन सिंग यांचं सरकार उभं राहिलं आणि अणुकरारावरून ते दूर होईपर्यंत चार वर्षं गेली. नायडूंना हैदराबाद हवं होतं. डाव्यांनी तर १९९६ मध्येच दिल्लीची खुर्ची नाकारली होती. याउलट १९७९ मध्ये चरणसिंग, १९९१ मध्ये चंद्रशेखर, १९९७ मध्ये गौडा आणि गुजराल यांना पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसला तीच खुर्ची परत हवी होती. अशा पक्षाला सरकारात घेतलं असतं, त्याच्या मंत्र्यांच्याही सह्या निर्णयांवर पडल्या असत्या, तर एका पत्राने सरकार पाडणं इतकं स्वस्त राहिलं नसतं. मे १९९६ मध्ये पंतप्रधान कोण, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. काँग्रेसने मंत्रिमंडळात यावं, असा आग्रह मात्र आघाडीने धरला नाही.

१९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना बोलावण्याआधी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रं मागितली, आणि अण्णा द्रमुकचं पत्र लवकर येईना. पुढच्या भागात त्या पत्राबद्दल, आणि तेरा महिन्यांनी एका मताने पडलेल्या सरकारबद्दल.