विजेची चुकलेली वाट

मोटारगाडी पेट्रोल किंवा डिझेलवर धावते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु तिचे इंजिन जागे करण्याचे काम वीज करते, हे सहसा ध्यानी येत नाही. पूर्वी लोखंडी हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. 1912 साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नाने विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि ते कष्ट हळूहळू संपले.

ही वीज बॅटरीतून मिळते. शिसे व सौम्य गंधकाम्ल यांपासून बनणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी ही बॅटरी 1859 साली फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी शोधून काढली. बॅटरीला विजेचा रांजण मानले, तर इंजिनाच्या पट्ट्याने फिरणारा आल्टरनेटर ही तो भरणारी मोट होय. एखाद्या सकाळी गाडी सुरूच झाली नाही, तर रांजण रिता का झाला, याचा शोध घ्यावा लागतो. मोट बंद पडली, रांजण जीर्ण झाला, की त्याला कोठे गळती लागली?

कुशल कारागीर केवळ तर्कावर विसंबत नाही. तो मोजून पाहतो. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो. इंजिन चालू केल्यावर तो 13.5 ते 14.5 व्होल्टपर्यंत चढला, तर मोट ठीक चालली आहे. तो चढला नाही, तर पट्टा सैल झाला आहे काय, जोडण्या गंजल्या आहेत काय, आल्टरनेटर बिघडला आहे काय, हे तो क्रमाने तपासतो. भरलेली बॅटरीही स्टार्टर फिरविताना दम सोडू लागली, तर ती जीर्ण झाल्याचा संशय येतो.

गळती शोधताना तो गाडीतील सर्व दिवे व उपकरणे बंद करतो, बॅटरीच्या ऋण टोकावरील तार सोडवून मध्ये अँमीटर जोडतो. घड्याळासारख्या उपकरणांना अँपिअरच्या काही शतांशांएवढा प्रवाह लागतोच. काटा त्याहून पुष्कळ पुढे दिसला, तर तो एकेक फ्यूज काढून पाहतो. जो फ्यूज काढताच काटा खाली येतो, त्याच्याच वाटेवर गळती असते.

याहून धोक्याचे असते शॉर्ट सर्किट. वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परतते. तारेचे वेष्टन घासून फाटले व उघडे तांबे सांगाड्यास टेकले, की वीज दिव्याकडे न जाता जवळच्या वाटेने माघारी फिरते. त्या वाटेवर अडथळा जवळजवळ नसतो. त्यामुळे प्रवाह अतोनात वाढतो आणि तार तापते. अशा वेळी फ्यूजमधील बारीक तार स्वतः वितळून प्रवाह तोडते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून काही उतावळे लोक त्याच्या जागी जाड तार बसवितात. मग फ्यूज उडत नाही, पण आतील तारा पेटतात आणि प्रवाशांचे प्राण संकटात पडतात. शहाणा कारागीर आधी घासलेली जागा शोधतो, ती दुरुस्त करतो आणि मगच तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवितो. वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद केल्याने संकट टळत नाही. ते केवळ नजरेआड होते.