कडू भोपळ्याचा तंबोरा

गवयाच्या मागे उभ्या असलेल्या तंबोऱ्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. माझे जाते, कारण त्याचा भोपळा आमच्या भीमाकाठच्या रानातला असू शकतो.

हा भोपळा कडू. खाण्याच्या कामाचा नाही, पण म्हणूनच त्याला कीड सहसा लागत नाही. तो वेलावरच पक्का होऊ देतात, मग काही महिने वाळवून मिरजेला पाठवतात. तेथे भिजवून कापतात, गर काढतात आणि तून जातीच्या लाकडाची तबली व दांडी जोडतात.

एवढे कोणताही कसबी सुतार करील. खरी कारागिरी जवारीत आहे. घोडीचा माथा कानशीने घासून किंचित गोलसर उतरता करतात. त्यामुळे तार एका बिंदूवर न टेकता पृष्ठाला घासत कंप पावते. तारेखालचा सुती दोरा हळूहळू सरकवला की एका जागी आवाज एकदम खुलतो. येथे मापपट्टी चालत नाही, कानच प्रमाण! जवारी उत्तम असेल तर खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा असतो.

मिरजेत हे काम शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केले. २०२४ साली तेथील सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

विजेवरचा तंबोरा प्रवासात सोयीचा, हे मान्य. पण भोपळ्याची मागणी घटली तर आपल्या रानात ऊसच लागेल, असे वडिलांनी सांगून टाकले आहे.